जनरल थोरात यांचे १९५९ चे टिपण खुले करा : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार,
तसेच संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग,
नवी दिल्ली.

सन्माननीय महोदय,

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांनी लष्कराच्या पूर्व कमानीचे (ईस्टर्न कमांडचे) प्रमुख या नात्याने ८ ऑक्टोबर १९५९ रोजी लष्करी मुख्यालयाकडे पाठवलेले नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, संरक्षणाविषयीचे टिपण, आणि त्याच विषयावर मार्च १९६० मध्ये लखनौ येथे झालेल्या ‘लाल किल्ला’ या सरावाची कागदपत्रे आपल्या मंत्रालयाने अभ्यासकांना खुली करावीत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या कोल्हापूर भागात जनरल थोरातांचे नाव निघाले की बोलणे दोन वाक्यांत संपते. पहिले वाक्य असे की, त्यांनी चीनच्या आक्रमणाची सूचना तीन वर्षे आधी दिली होती. आणि दुसरे असे की, ते लष्करप्रमुख झाले असते तर १९६२ घडलेच नसते. दुसरे वाक्य निव्वळ जर-तरचे आहे आणि इतिहासाचा निवृत्त शिक्षक म्हणून मला ते मान्य करता येत नाही. पहिल्या वाक्याला मात्र कागदाचा आधार मिळू शकतो, आणि तो कागद आपल्या ताब्यात असायला हवा. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तो कोणाला पाहता येत नाही. त्यामुळे थोरातांची थोरवी गाणारे आणि तिच्यावर शंका घेणारे असे दोघेही ऐकीव गोष्टींवर भांडत राहतात.

थोरात कोण होते, हे आपल्या मंत्रालयाला सांगण्याची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात सांगतो. त्यांचा जन्म १९०६ चा. भारतीय तरुणांना बादशाही कमिशन मिळण्यासाठी इंग्लंडमधील सँडहर्स्टचे दार नुकतेच किलकिले झाले होते, त्या काळात ते तिथे गेले आणि १९२६ साली अधिकारी होऊन बाहेर पडले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आराकान आघाडीवर ५१ व्या ब्रिगेडमध्ये दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे ते प्रमुख होते. या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते, आणि इंग्रजी अमदानीत ही गोष्ट इतकी दुर्मीळ होती की तिला ‘ऑल इंडियन ब्रिगेड’ म्हणूनच ओळखले गेले. थोरातांच्या जोडीला होते थिमय्या आणि एल. पी. सेन. जानेवारी १९४५ अखेर कांगावच्या टेकड्यांवर जपान्यांशी जी हातघाईची लढाई झाली, तिच्यातील कामगिरीसाठी तिघांनाही डी.एस.ओ. हा मानाचा किताब मिळाला. ही तीन नावे लक्षात ठेवावीत, कारण पुढे हिमालयाच्या प्रश्नावर तिघेही वेगवेगळ्या जागी उभे असलेले आपल्याला दिसतात.

कोरियाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या मंत्रालयाने जपलेल्या आणि न जपलेल्या इतिहासातला फरक तिथेच स्पष्ट होतो.

१९५३ साली कोरियातील युद्ध थांबले तेव्हा मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न उरला होता. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने ताब्यात दिलेल्या अशा चिनी आणि उत्तर कोरियाई कैद्यांची संख्या साडेबावीस हजारांहून अधिक होती. त्यांना काही काळ सांभाळण्याची जबाबदारी भारताकडे आली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्यांकडे आणि प्रत्यक्ष कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल थोरातांकडे, अशी कांगावची जोडी पुन्हा एकत्र आली. दक्षिण कोरियाच्या सरकारचा भारतीयांवर इतका राग होता की, आपल्या जवानांना त्या देशाच्या भूमीवर पाऊल टाकू दिले गेले नाही; इंचॉनच्या समुद्रातील जहाजांवरून त्यांना अमेरिकी हेलिकॉप्टरांनी थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तिथे तंबूंची वसाहत उभी राहिली, तिला ‘हिंद नगर’ हे नाव पडले.

कैदी निमूट बसणारे नव्हते. त्यांच्यात कडव्या संघटना होत्या आणि आपल्यातला कोणी मायदेशी परत जायचे म्हणाला तर त्याचा जीव घेण्यापर्यंत त्यांची मजल जात असे. सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांच्या जमावाने एका भारतीय मेजरला काटेरी तारांच्या आत ओढून नेले आणि ओलीस ठेवले. बाहेर बंदुका ताणलेल्या होत्या. गोळीबाराचा हुकूम दिला असता तर तो अधिकारी आधी मेला असता, त्याच्याबरोबर शेकडो कैदी मेले असते आणि भारताच्या तटस्थतेचे तिथेच तीनतेरा वाजले असते. थोरात निःशस्त्र त्या कुंपणाच्या आत गेले. भोवती हजारो माणसे ओरडत होती. त्यांच्या पुढाऱ्यांशी ते बोलले, बोलत राहिले, आणि आपल्या मेजरला सोबत घेऊन बाहेर आले. एकही गोळी सुटली नाही. या कामगिरीसाठी त्यांना अशोक चक्र, वर्ग २ हा सन्मान देण्यात आला, ज्याला आज आपण कीर्ती चक्र म्हणतो.

हे सगळे आपल्याला कसे कळते? आपल्याच मंत्रालयाच्या इतिहास विभागाने कोरियातील या दलाचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला म्हणून. दलाची रचना, कैद्यांची वर्गवारी, आयोगातील मतभेद, सारे काही अधिकृतपणे उपलब्ध आहे. अधिकारी तोच, मंत्रालयही तेच. ज्या प्रकरणात देशाचे नाव झाले त्याचा इतिहास छापला गेला, आणि ज्या प्रकरणात देशाची मान खाली गेली त्याची कागदपत्रे कुलपात राहिली, असा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

मे १९५७ मध्ये थोरात पूर्व कमानीचे प्रमुख झाले. तेव्हा या कमानीचे मुख्यालय लखनौला होते आणि तिचा पसारा उत्तर प्रदेश-तिबेट सीमेपासून थेट नेफापर्यंत, मधल्या नागा टेकड्यांतील बंडखोरीसकट होता. नेफाची सीमा मात्र सुरुवातीला लष्कराकडे नव्हतीच. तिथली ठाणी आसाम रायफल्सची होती आणि त्यांचा कारभार परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत चालत असे. २५ ऑगस्ट १९५९ रोजी लोंगजूच्या ठाण्यावर चिनी तुकडीने गोळीबार केला आणि दिल्ली हादरली. त्याच आठवड्यात तेव्हाचे लष्करप्रमुख थिमय्या यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी पटत नाही म्हणून राजीनामा दिला, पंतप्रधान नेहरूंच्या आग्रहावरून तो मागे घेतला, आणि संसदेत त्यावरून थिमय्यांनाच चार शब्द ऐकून घ्यावे लागले. थोरातांचे ८ ऑक्टोबरचे टिपण या पार्श्वभूमीवर लष्करी मुख्यालयात पोहोचले. पुढे दोनच आठवड्यांनी, २१ ऑक्टोबरला, लडाखमध्ये कोंगका येथे आपले पोलीस मारले गेले.

टिपणाचा आशय थोरातांनी स्वतः १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात सांगितला आहे. मॅकमहोन रेषेला, म्हणजे नेफा आणि तिबेट यांच्यामधील सीमेला, चिकटलेली ठाणी ही शत्रू आल्याची वर्दी देण्यापुरती असावीत, खरी लढाई तिथे लढू नये. रेषेपर्यंत आपला रस्ता नाही, दारूगोळा आणि शिधा माणसांच्या आणि खेचरांच्या पाठीवरून किंवा विमानातून टाकून न्यावा लागतो. उलट तिबेटच्या पठारावरून चिन्यांना तिथपर्यंत येणे तुलनेने सोपे आहे. म्हणून मुख्य संरक्षणाची फळी बोमडिलासारख्या मागच्या जागी उभारावी, जिथे आपली रसद पोहोचते आणि डोंगर ओलांडून आलेल्या शत्रूची रसद ताणली जाते. त्यासाठी किती फौज लागेल याचाही हिशेब त्यांनी मांडला होता. १७ मार्च १९६० रोजी लखनौला ‘लाल किल्ला’ सरावात हीच मांडणी वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर करून दाखवण्यात आली. उपलब्ध फौजेनिशी चीनला थोपवणे शक्य नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

थोरातांच्या सांगण्यानुसार थिमय्यांनी ते टिपण मेनन यांच्यापुढे ठेवले आणि मेनन यांनी ते बाजूला सारले. चीनशी लढाईची वेळ येणारच नाही आणि आलीच तर आपण राजकीय पातळीवर ती निभावून नेऊ, अशी त्यांची खात्री होती. १९६२ च्या पराभवानंतर नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतले, आणि हे टिपण आपल्याला आधी का दाखवले गेले नाही असे विचारले, तेव्हा त्याचे उत्तर मेनन देऊ शकतील, असे आपण सांगितल्याचेही थोरातांनी नोंदवले आहे.

इथेच मला थांबावेसे वाटते. या साऱ्या हकिकतीचा साक्षीदार एकटे थोरात आहेत. थिमय्या डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कामावर असताना वारले आणि त्यांनी आपली बाजू सविस्तर लिहून ठेवली नाही. घटना घडल्यानंतर पाव शतकाने, पराभव सर्वांना ठाऊक झाल्यावर लिहिलेल्या आठवणींत लेखकाला आपला अंदाज जरा जास्तच अचूक आठवणे हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. थोरातांबद्दल मला नितांत आदर आहे, पण कोणाही सेनापतीच्या आत्मकथनावर मी आंधळा विश्वास ठेवणार नाही आणि त्यांनीही तशी अपेक्षा केली नसती असे वाटते. टिपणात फौजेची मागणी नेमकी किती होती? ती त्या वेळच्या तिजोरीला झेपणारी होती का? तवांग सोडून मागे लढण्याची कल्पना त्यांनी किती स्पष्ट मांडली होती? हे प्रश्न मूळ कागदाशिवाय सुटणारे नाहीत.

तवांगचा मुद्दा तर फारच नाजूक आहे. लष्करी दृष्टीने बोमडिलाला लढणे शहाणपणाचे असेल, पण तवांगचा मठ आणि तिथली वस्ती न लढता शत्रूच्या हाती जाऊ द्यायची, हे १९५९ च्या संसदेत कोणता पंतप्रधान बोलू शकला असता? एक इंचही भूमी सोडणार नाही, अशी घोषणा तेव्हा सर्वपक्षीय होती. मेनन यांनी टिपण बाजूला सारले असेल तर त्यामागे केवळ अहंकार होता, की ही राजकीय अडचणही होती? मेनन यांना खलनायक करून ठेवणे फार सोयीचे आहे, कारण त्यामुळे त्या काळातील संसद, वृत्तपत्रे आणि आपण सारे सुटतो. त्या फाइलीवर मंत्र्यांचा, सचिवांचा, लष्करप्रमुखांचा जो शेरा असेल तो थोरातांच्या बाजूने जाईल की विरुद्ध, हे मला ठाऊक नाही. तो काहीही असो, वाचायला मिळावा एवढेच म्हणणे आहे.

पुढचा घटनाक्रम सर्वश्रुत आहे. मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती, पण सेवाज्येष्ठतेने वरचे असलेले जनरल थापर लष्करप्रमुख झाले आणि थोरात निवृत्त झाले. थापरांची नेमणूक ज्येष्ठतेच्या नियमात बसणारी होती, हे आपल्याकडच्या भाषणांत हमखास गाळले जाते. पूर्व कमानीवर थोरातांच्या जागी कांगावचे तिसरे सोबती एल. पी. सेन आले. नोव्हेंबर १९६१ मध्ये ‘पुढे सरका’ असे धोरण ठरले, आणि जी ठाणी थोरातांच्या मते केवळ वर्दी देण्यापुरती असायला हवी होती त्यांत भर पडत गेली. जून १९६२ मध्ये ढोला ठाणे उभे राहिले. २० ऑक्टोबरला पहाटे नामका चू नदीकाठी आपली सातवी ब्रिगेड चिरडली गेली, चारपाच दिवसांत तवांग गेले, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सेला खिंड आणि बोमडिलाही पडले. ज्या बोमडिलावर भक्कम फळी उभारायची होती, तिथे ऐनवेळी तशी फळीच नव्हती. थोरात निवृत्त होऊन दीड वर्ष झाले होते. युद्ध सुरू झाल्यावर मात्र त्यांची आठवण झाली आणि राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर त्यांना घेण्यात आले.

२१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, त्याच दिवसांत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य महाराष्ट्रात आजही अभिमानाने म्हटले जाते. पण चव्हाणांच्याच कारकिर्दीत हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांनी केलेल्या पराभवाच्या चौकशीचा अहवाल सादर झाला आणि २ सप्टेंबर १९६३ रोजी संसदेत त्याचा फक्त सारांश सांगण्यात आला, हेही तितकेच खरे. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्वाची रचना, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनापतींचा वकूब, अशा विषयांपुरता तो सारांश होता. सैन्याचे मनोधैर्य खचलेले असताना तेव्हा पूर्ण अहवाल दडवून ठेवण्याचे कारण मी समजू शकतो. साठ वर्षांनंतर ते कारण उरत नाही.

या अहवालाचा बराचसा भाग २०१४ साली इंटरनेटवर आला. त्यावरून एक महत्त्वाची गोष्ट समजते, ती अशी की, लष्करी मुख्यालयाच्या कामकाजात शिरू नये, अशी सूचना चौकशी करणाऱ्यांना देण्यात आली होती. म्हणजे पराभवाची चौकशी खालून सुरू झाली आणि दिल्लीच्या उंबरठ्यावर येऊन थांबली. थोरातांचे टिपण नेमके त्या उंबरठ्याच्या आतले आहे. ते लखनौहून निघाले, लष्करी मुख्यालयात गेले आणि तिथून मंत्र्यांकडे. हेंडरसन ब्रुक्स अहवाल उद्या पूर्ण खुला केला तरी हा प्रवास त्यातून कळेलच असे नाही, म्हणून मी तो अहवाल न मागता हे टिपण मागतो आहे.

आता नियमांविषयी. आपल्या मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धे आणि लष्करी मोहिमांच्या कागदपत्रांचे जतन, ती खुली करणे आणि त्यांचा इतिहास लिहिणे याविषयीचे धोरण जाहीर केले. सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांत कागदपत्रे खुली व्हावीत आणि त्याहून जुनी कागदपत्रे तज्ज्ञांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावीत, असे त्यात म्हटले आहे. हे धोरण जाहीर झाले तेव्हा माझ्यासारख्यांना मनापासून आनंद झाला होता. मात्र १९६२ सारख्या जुन्या युद्धांबाबत प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार होईल, अशी पुस्तीही त्याला जोडली गेली. स्वतंत्र विचार व्हायला हरकत नाही, पण तो झाला की नाही आणि झाला असेल तर कोणत्या कागदाबाबत काय ठरले, हे बाहेर कोणालाच कळत नाही.

सुरक्षेचे कारण पुढे केले जाईल, याची मला कल्पना आहे. हेंडरसन ब्रुक्स अहवालाबाबत २०१० साली संसदेत तसेच उत्तर मिळाले होते, की त्यातील मजकूर आजही लष्करीदृष्ट्या उपयोगाचा आहे. थोरातांच्या टिपणाला हे उत्तर लागू पडते का, याचा विचार आपण करावा. ते लिहिले गेले तेव्हा सीमा रस्ते संघटनासुद्धा जन्मली नव्हती. ती मे १९६० ची. नेफाचे अरुणाचल झाले, ते राज्य झाले. ज्या सेला खिंडीने हिवाळ्यात तवांगचा रस्ता अडत असे, तिच्याखालून मार्च २०२४ पासून बोगद्यातून वाहने जात आहेत. खेचरांच्या वाटा, विमानाने शिधा टाकण्याच्या जागा, १९५९ च्या ठाण्यांवरील शिपायांची संख्या, यांतले काय आज शत्रूच्या उपयोगी पडेल? आणि १९६२ मध्ये चिनी सैन्य त्या सगळ्या वाटांनी स्वतः चालून गेलेले आहे. एखादा परिच्छेद आजही खरोखर नाजूक असेल तर तो काळ्या शाईने झाकून बाकीचा भाग द्यावा. जगभरची अभिलेखागारे तसेच करतात.

महाराष्ट्रातला एक माणूस म्हणून माझा यात एक वेगळा स्वार्थही आहे, तो लपवत नाही. आमच्याकडे सेनापतींचे पुतळे होतात, चौकांना नावे दिली जातात, जयंतीला हार घातले जातात. त्यांच्या विचारांचा अभ्यास करण्याची पद्धत मात्र पडलेली नाही. थोरातांचे मूळ टिपण हाती आले तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात किंवा पुण्याच्या एखाद्या संशोधन संस्थेत कोणी तरुण ते नकाशा समोर ठेवून वाचेल, नामका चू आणि बोमडिलाच्या प्रत्यक्ष घटनांशी ताडून पाहील, आणि जनरल कुठे बरोबर होते आणि कुठे चुकले हे सांगू शकेल. ते चुकलेही असतील. कांगावला आणि कोरियात स्वतः पुढे होऊन धोका पत्करणारा तो माणूस या तपासणीने लहान होणार नाही.

तेव्हा आपल्याला विनंती अशी की, ८ ऑक्टोबर १९५९ चे टिपण, ‘लाल किल्ला’ सरावाची कागदपत्रे आणि त्या दोहोंवर लष्करी मुख्यालयात व मंत्रालयात उमटलेले शेरे राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावेत आणि ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर ते वाचता येतील अशी व्यवस्था करावी. तसे करायचे नसेल तर २०२१ च्या धोरणानुसार या विशिष्ट कागदांचा विचार झाला आहे का आणि ते खुले करायला का नकार दिला, हे कळवावे. आणि ही कागदपत्रे आता आपल्याकडे नसतीलच, तर ती केव्हा आणि कोणाच्या आदेशाने नष्ट करण्यात आली, एवढे तरी लेखी सांगावे.

आपला विश्वासू,
कोल्हापूर जिल्ह्यातील एक निवृत्त इतिहास शिक्षक